दुखणं मोजायचं ॲप वॉर्डात कोणी वापरतं का?

भुसावळला सर्जिकल वॉर्डात नाइटला असते. २२ पेशंट, आम्ही दोघी. शिरेतून इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासाने परत विचारायचं, तेच राहून जातं. म्हणून मोबाइलवर ॲप घेतलं. अलार्म वेळेवर वाजतो, पण आकडा मागतं ० ते १०. परवा यावलकडचे एक बाबा आले, केळीचे घड वाहताना पडून मांडीचं हाड मोडलेलं. विचारलं, "बाबा, दहामा कितलं दुखस?" म्हणे, "बठ्ठंच दुखस." आता बठ्ठं (सगळं) म्हणजे किती टाकू?

धुळेकर ब्रदर: ताई, आण्यात विचारा. सोळा आणे म्हणजे १०, आठ आणे म्हणजे ५. जुन्या माणसांना लगेच कळतं. आणि नुसतं पडल्या पडल्या विचारू नका, कूस बदलताना, खोकताना विचारा. निजलेला माणूस २ सांगतो आणि उठवलं की ओरडतो.

बालरोग वॉर्ड, जळगाव: आमच्याकडे तीन वर्षांपुढच्यांना चेहऱ्यांची चित्रं. तान्ह्यांना फ्लॅक: चेहरा, पाय, हालचाल, रडणं, शांत होणं, प्रत्येकी ० ते २. तुमचं ॲप पॅरासिटामॉलची बेरीज करतं का? मोठ्यांना २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नको, सलाइनमधलं आणि गोळीचं धरून. माझ्या मते अलार्मपेक्षा ते कामाचं. पेशंटचं नाव मात्र स्वतःच्या मोबाइलमध्ये टाकू नका.

मूळ प्रश्नकर्ती: बेरीज नाही करत, वहीतच करते. नावाऐवजी बेड नंबर टाकलाय. बाबा आज म्हणे, "सहा आना." अलार्मने शेजारची आजी दचकते, आता व्हायब्रेटवर.