बिशप लेनन निवृत्त झाले म्हणून पेढे?

इरीकाठ

आपल्या क्लीव्हलँडचे (ओहायो) कॅथलिक बिशप लेनन निवृत्त झाले. परवा या फोरमवर कोणीतरी लिहिलं, "लेनन गेले, क्लीव्हलँडची पीडा टळली, पेढे वाटा." त्याखाली 'लाइक'च्या अंगठ्यांची रांग लागली. त्या रांगेत दर रविवारी माझ्या शेजारच्या बाकावर बसणारी माणसं दिसली, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

२८ डिसेंबर २०१६ ला पोपमहोदयांनी राजीनामा स्वीकारला. बिशपांनी पंचाहत्तरीला राजीनामा द्यायचा असतो. लेनन यांनी तो एकोणसत्तराव्या वर्षीच दिला. त्यांना व्हॅस्क्युलर डिमेन्शिया (मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून होणारा स्मृतिभ्रंश) झाला आणि ते त्यांनी लपवलं नाही. अशा आजारात माणूस पायउतार होतो आणि आपण पेढे वाटायचे?

मी त्यांची चाहती नाही, हे आधीच सांगते. २००९ च्या मार्चमध्ये त्यांनी बंद करायच्या चर्चची यादी जाहीर केली तेव्हा तीत आमचंही चर्च होतं. सासूबाईंच्या पुण्यस्मरणाची मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) मी ऑक्टोबरसाठी नोंदवून ठेवली होती. चर्चच्या ऑफिसातल्या बाईंनी वही माझ्याकडे फिरवली. उन्हाळ्यानंतरच्या सगळ्या नावांवर पट्टी लावून सरळ रेघ मारलेली. "ही नावं कुठे जाणार?" विचारलं, तर त्यांनाही माहीत नव्हतं. वरून कोणी काही सांगितलंच नव्हतं.

माझा राग त्या रेघेचा आहे. चर्च बंद करावी लागली असतील, पण ज्यांची होती त्यांच्यात येऊन बसायला हवं होतं. २०१२ मध्ये रोमने (व्हॅटिकनने) तेरा चर्चबाबतचे निर्णय फिरवले ते याच मुद्द्यावर: कायद्याने सांगितलेली पद्धत पाळली नाही, धर्मगुरूंच्या मंडळाचा सल्ला नीट घेतला नाही. चर्च बंद करायचा अधिकारच नाही, असं रोम म्हणालं नव्हतं. आणि लेनन अपिलात गेले नाहीत, तेही लक्षात ठेवा. जायला वाट मोकळी होती.

पार्मावाला

पेढ्यांबद्दल तुमच्याशी सहमत. बाकीचं पटलं नाही.

क्लीव्हलँड शहरात १९५० साली नऊ लाखांवर माणसं होती. २०१० च्या जनगणनेत चार लाखही भरली नाहीत. लोक गेले कुठे? पार्मा, स्ट्राँग्सव्हिल, वेस्टलेक. मीही गेलो, तुम्हीही गेलात. घर उपनगरात, मुलांची शाळा उपनगरात, रविवारची मिस्सा उपनगरात, आणि शहरातलं चर्च बंद झालं की डोळ्यांना पदर. एकेका मैलात पोलिश, स्लोव्हाक, जर्मन, आयरिश अशी चार-चार देवळं. ती तापवायची कोणी, छप्पर दुरुस्त करायचं कोणी, आणि मिस्साला फादर आणायचे कुठून?

हे दुखणं जुनं होतं. लेनन २००६ मध्ये आले आणि वाईटपणा स्वतःच्या अंगावर घेतला. पुढे 'रूटेड इन फेथ' या निधी गोळा करण्याच्या मोहिमेत लोकांनी उद्दिष्टापेक्षा जास्त रक्कम कबूल केली. सगळ्या धर्मप्रांताला ते नकोसे असते तर खिशात हात कोणी घातला असता?

पोलिशांचा जावई

पार्मावाले, हिशेब पुरे. माझी बायको सेंट कॅसिमिर या पोलिश चर्चची. तिचा बाप्तिस्मा तिथला, आमचं लग्न तिथलं. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये दाराला कुलूप लागलं. त्यानंतर २०१२ च्या जुलैत ते निघेपर्यंत ही माणसं दर रविवारी फाटकाबाहेर, रस्त्यावर उभी राहून प्रार्थना करत होती. क्लीव्हलँडचा जानेवारी तुम्हाला माहीत आहे. माझे सासरे ऐंशीच्या पुढचे. मिठाने पांढरा झालेला फुटपाथ, हातमोज्यातून जपमाळेचा मणी सापडत नाही म्हणून एक हात उघडा ठेवायचे. घरी आले की बोटं निळी.

त्या फुटपाथवर महागुरुस्वामी (बिशप) एकदा तरी येऊन उभे राहिले का? पेढ्याच्या पोस्टला अंगठा देणाऱ्यांत मी आहे. आणि तो काढणार नाही.

भुईगावची लेक

मी स्मृतिभ्रंशाच्या वॉर्डात नर्स आहे. जावईबापू, तुमच्या सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. पण अंगठा काढा.

या आजारात माणूस एकदम विसरत नाही, पायरी पायरीने उतरतो. मध्ये बरे दिवस येतात आणि त्या दिवसांत आपलं काय चाललंय ते त्याला कळतं. आमच्याकडे एक निवृत्त फादर होते. मिस्सा सगळी पाठ, फक्त कुठल्या चर्चमध्ये आहोत ते कळायचं नाही. दर वेळी वेगळ्या धर्मग्रामाचं (पॅरिशचं) नाव घ्यायचे. नर्सेसना शिव्याही द्यायचे. त्यांना भेटायला कोणी येत नसे, कारण कामावर असताना ते कडक होते म्हणे. कडक होते ही त्यांची चूक. भेटायला न येणं ही कोणाची?

अक्रनकर

आजारपणाबद्दल कोणाचंच दुमत नसावं. पण आजार आत्ताचा, निर्णय २००९ चे. एकाने दुसरं झाकू नका.

लेनन इथे आले ते बॉस्टनहून, तिथलं हेच काम करून. तिथले आर्चबिशप कार्डिनल लॉ पायउतार झाल्यावर काही महिने त्यांनी तिथला कारभार पाहिला आणि २००४ ला चर्च बंद करण्याची सूत्रं त्यांच्याच हाती होती. बॉस्टनजवळच्या सिच्युएट गावातल्या सेंट फ्रान्सिस झेव्हियर कॅब्रिनी चर्चचे लोक तेव्हा बंदीविरुद्ध आत जाऊन बसले, ते २०१६ च्या मे महिन्यात उठले. अकरा वर्षं पाळ्या लावून, झोपण्याच्या पिशव्या घेऊन. हे डोळ्यांसमोर असताना त्यांनी क्लीव्हलँडमध्ये तीच वाट धरली. एकदा झालं तर समजू शकतो.

शिवाय क्लीव्हलँडचं सेंट पीटर चर्च. तिथले लोक चर्च बंद झाल्यावर भाड्याच्या जागेत जमू लागले, तिथले फादर मरोने त्यांच्यासोबत गेले आणि २०१३ मध्ये बहिष्कृत झाले. रोमच्या आदेशाने सेंट पीटरची इमारत उघडली, पण ही माणसं परत आली नाहीत. भांडण नुसतं इमारतीचं असतं तर आली नसती का?

पार्मावाला

अक्रनकर, अर्धीच गोष्ट सांगता. सिच्युएटच्या बाबतीत रोमने बॉस्टनची बाजू उचलून धरली. मग रोमचा निकाल क्लीव्हलँडपुरताच खरा का? आणि फादर मरोनेंना बिशपांनी बजावलं होतं, ते ऐकले नाहीत. धर्मप्रांत सोडून स्वतंत्र मिस्सा चालू ठेवली तर कोणत्याही बिशपाने दुसरं काय करायचं असतं?

गासगावकर

इथून, वसईहून लिहितोय. तुमचं वाचताना एक गोष्ट खटकते. पोलिश लोक फुटपाथवर उभे राहिले, हंगेरियन लोकांनी आपलं सेंट एमेरिक चर्च २०१२ ला परत उघडून घेतलं. का? कारण तिथे त्यांच्या भाषेत मिस्सा होते, मुलांचे स्काऊट त्यांच्या भाषेत जमतात. पिढ्या उलटल्या तरी भाषा टिकली, म्हणून भांडायला माणसं उरली. तुम्ही वसईकर तिकडे इतकी वर्षं आहात. तुमचं एक तरी मराठी चर्च आहे का, जे बंद झालं तर तुम्ही बर्फात उभे राहाल?

इरीकाठ

गासगावकर दादा, विषय लेनन यांचा आहे.

गासगावकर

विषय तोच आहे, ताई. लोक चर्चसाठी का भांडतात, त्याचा.

पोलिशांचा जावई

दादा, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आम्ही मोजकी कुटुंबं. वसईहून कोणी फादर इकडे आले तर नाताळच्या आसपास एखादी मराठी मिस्सा होते. मुलं मागच्या बाकावर फोन घेऊन बसतात. माझी मुलगी पोलिशमध्ये 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणते. मराठीत निम्म्यावर अडते.

पार्मावाला

आता वसईचंही बोलू. गासगावकर, तुमच्याकडे सकाळच्या इंग्रजी मिस्साला किती गर्दी असते ते गेल्या सुट्टीत बघून आलोय. घरात आजी आपल्या सामवेदी बोलीत बोलते, आई मराठीत, नातू इंग्रजीत. कॅटेकिझमचं (धर्मशिक्षणाचं) पुस्तकही इंग्रजी मागतात. आम्ही सात समुद्रांपलीकडे भाषा घालवली, तुम्ही घरात बसून घालवताय.

गासगावकर

इंग्रजी मिस्सा ठेवली कोणासाठी? नव्या बिल्डिंगांत राहायला आलेल्या मँगलोरी, केरळी, गोवेकर कुटुंबांसाठी. त्यात गैर काही नाही. आपली पोरं तिकडे जातात ते शाळेमुळे. आणि शाळा कोणाच्या? आपल्याच धर्मगुरूंच्या आणि सिस्टरांच्या. मराठी माध्यमाचे वर्ग ओस पडत गेले तेव्हा पालकही गप्प होते, मीही त्यांतलाच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन जाऊन मराठी मिस्सा आली तेव्हा आमचे वडील वेदीजवळ उभं राहून मोठ्यांदा उत्तरं द्यायचे, इतका आनंद होता. तो आनंद एका पिढीत विरला.

भुईगावची लेक

माझी दोन्ही मुलं इंग्रजी माध्यमात शिकली, आणि भुईगावला गेली की आजीसोबत लदीन (गाऊन म्हणायची प्रार्थना) म्हणतात. सगळ्यांना एका मापाने मोजू नका. नोकरीच्या पाळ्या करून मुलं वाढवलेल्या बायांना भाषेवरून बोल लावायचं हे मला सहन होत नाही. तुमच्या घरात मुलांना लदीन कोण शिकवत होतं, तुम्ही की वहिनी?

गासगावकर

वहिनी. हे कबूल. पण प्रश्न तसाच राहतो.

अक्रनकर

त्या प्रश्नाचा लेनन यांच्याशी संबंध आहे, मला आत्ता दिसतोय. त्यांच्या कचेरीने मोजलं काय? रविवारची डोकी, फादरांची संख्या, बँकेतली शिल्लक. सेंट एमेरिकला लोक कुठून गाडी चालवत येतात, तिथे जमणाऱ्या हंगेरियन मुलांचं पुढे काय होणार, हे त्या तक्त्यात कुठे बसवायचं? नकाशावर शेजारी दुसरं चर्च आहे म्हणजे हे जादा, असा हिशेब झाला.

पार्मावाला

हा मुद्दा मात्र मानावा लागेल. भाषेची चर्च वेगळ्या मापाने बघायला हवी होती. पण त्यातली सगळी तगली नसती. आणि आर्थिक घडी ज्याने बसवली तो माणूस खलनायक नव्हता, हे माझं म्हणणं कायम.

इरीकाठ

खलनायक मीही म्हटलं नाही. तेरा चर्चबाबतचा निकाल न झगडता मान्य करणं सोपं नव्हतं. रोमने चूक दाखवली आणि माणसाने ती मुकाट्याने दुरुस्त केली, असं किती अधिकाऱ्यांबद्दल सांगता येतं?

लेनन यांच्या राजीनाम्याबरोबर आपला कारभार तात्पुरता टोलेडोचे बिशप थॉमस यांच्याकडे सोपवला गेला. नवे बिशप येतील तेव्हा त्यांना एकत्र पत्र द्यावं असं मला वाटतं. यापुढे कुठलंही चर्च बंद करायचं असेल तर आधी त्या धर्मग्रामाचा जमाखर्च लोकांसमोर ठेवावा आणि बिशपांनी स्वतः तिथे येऊन ऐकावं. नोंदवलेल्या मिस्सांचं काय होणार तेही त्याच दिवशी सांगावं. मसुदा मी लिहिते.

पोलिशांचा जावई

पत्रात लेनन यांचे आभार असतील तर माझी सही नाही. ते बरे व्हावेत अशी प्रार्थना मी करीन, सासऱ्यांनाही सांगेन. आभार नाही.

पार्मावाला

आणि आभार नसतील तर माझी नाही.

इरीकाठ

मग दोन पत्रं जाऊ देत. मसुदा उद्या टाकते.