शॅटर्ड पिक्सेल डंजन (तळघरात उतरत जायचा गेम): पाचव्या मजल्यावर अडतंय

इंदूरकर: नकाशा दर वेळी नवा, मेलं की पुन्हा पहिल्या मजल्यापासून. मग शिकायचं काय? पहिल्या बॉसपुढेच, म्हणजे पाचव्या मजल्यावरच्या मोठ्या राक्षसापुढेच गाडी अडते.

राजवाडा_रात्र: नकाशा नाही, नियम पाठ करायचे, गंमत तीच. हा बॉस पाण्यात उभा राहिला की बरा होत जातो, कोरड्यावर ओढा. फुगायला लागला की लांब पळा, तो फटका जीवघेणा.

तुकोगंजवाला: अपग्रेडच्या गुंडाळ्या, म्हणजे हत्यार-चिलखत सुधारणारे कागद, कुठे घालवता भाऊ? दर 5 मजल्यांत 3च असतात. चार वस्तूंत वाटल्या की सगळंच कच्चं. ताकद कमी असताना जड तलवार घेतली तर नेमही चुकतो.

राजवाडा_रात्र: दाराआड दबून थांबा, बेसावध शत्रूवर वार चुकत नाही. आणि घाई कसली? इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, गराडूची (तळलेल्या कंदाची) प्लेट येईपर्यंत चाल ठरवा, तुम्ही चाल खेळेपर्यंत राक्षस थांबतो.