प्रति: उसने पैसे आणि 'स्पष्ट नाही म्हणा'

नातेवाईक उसने पैसे मागायला आले की 'स्पष्ट नाही म्हणा', हा इथं दिलेला सल्ला पटला, पण अर्धाच. उसाचं बिल खात्यावर पडलं की आमच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूसकडं उसने मागायला पाहुणे येणारच, आणि दारात आयत्या वेळी दिलेला नकार अपमान वाटतो. साखर कारखान्याचं गाळप सुरू व्हायच्या आधीच नवरा-बायकोनं वर्षाचा आकडा ठरवावा, समजा 10 हजार. बुडाला तरी नातं तुटणार नाही, इतकाच. मग 'यंदा एवढंच जमेल, भाऊजी' म्हणून थांबायचं. कारणं देऊ नका, प्रत्येक कारणावर तोड निघते ('सोसायटीच्या कर्जाचा हप्ता ढकल की पुढं!').

सुरुवातीला आग्रह उलट वाढतो. तेव्हा एकदा नमलात की जास्त रेटलं तर मिळतं, हेच समोरचा शिकतो. आणि हो, निरोप सासूबाईंमार्फत धाडू नका.