मदत हवी आहे: विंडोज 10 च्या जुन्या पीसीला अँटीव्हायरस कुठला घालावा?

वडगावकर

नमस्कार मंडळी. घरचा डेस्कटॉप आहे: इंटेल आय3 चौथी पिढी, 4 जीबी रॅम, 500 जीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज 10. अँटीव्हायरसची मुदत संपली आहे आणि आता 'रिन्यू करा' म्हणून सारखी खिडकी येते. कॉम्प्युटरवर मुलीच्या पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) नोट्स, सीईटीचा अर्ज, बँकेचे व्यवहार, शेताचा उतारा काढणं आणि मराठी-कन्नड टायपिंग चालतं. पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात सारखा जातो-येतो.

परवा तो उघडला तर सगळे फोल्डर गायब! आत फक्त पेनड्राइव्हच्याच नावाचा एक शॉर्टकट, 2 केबीचा. त्यावर डबल क्लिक केलं की मात्र सगळं दिसतं. बाजारात एक जण क्विक हील सांगतो, दुसरा कॅस्परस्की, तिसरा म्हणतो फुकटातला अवास्ट पुरे. नक्की कुठला घ्यावा, नीट सांगा की ओ.

टिळकवाडी

दादा, त्या शॉर्टकटवर पुन्हा क्लिक करू नका. कुठला घ्यावा हे नंतर बघू, आधी हे निस्तरू.

हा व्हायरस तुमच्या फायली पुसत नाही. पेनड्राइव्हमध्येच एक बिननावाचा फोल्डर करतो, सगळं त्यात ढकलतो आणि त्या फोल्डरला 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन्ही शिक्के मारतो. शॉर्टकट उघडला की आधी व्हायरस चालतो आणि मग तो फोल्डर उघडतो. सगळं जागेवर दिसतं, म्हणून माणसाला शंकाच येत नाही. तुम्ही क्लिक केलं आहे, म्हणजे पीसीला लागण झाली असं धरूनच चाला. पेनड्राइव्ह आधी साफ करून उपयोग नाही, लावला की पीसी त्याला पुन्हा तसाच करून ठेवेल. आधी पीसी, मग पेनड्राइव्ह.

मुदत संपलेला अँटीव्हायरस काढून टाका. सेटिंग्ज, ॲप्स, तिथून अनइन्स्टॉल. बहुतेक कंपन्या स्वतःचं रिमूव्हल टूल देतात, तेही त्यांच्याच साइटवरून घेऊन चालवा आणि रीस्टार्ट करा. दुसरा अँटीव्हायरस नोंदलेला असला की विंडोजचा स्वतःचा फुकट अँटीव्हायरस, डिफेंडर, आपणहून बाजूला होतो. एका पीसीत दोन राखणदार तसेही नकोतच, एकाच फाइलवर दोघे झडप घालतात आणि मशीन गोठतं.

मग विंडोज सिक्युरिटी उघडा. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जाऊन आधी अपडेट तपासा, नंतर स्कॅन ऑप्शन्समधून 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' निवडा. उघडी कामं सेव्ह करून घ्या, कारण पीसी स्वतः रीस्टार्ट होतो. विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच हा स्कॅन चालतो, म्हणून व्हायरसला लपायला जागा उरत नाही. साधारण 15 मिनिटं धरा, तुमच्या डिस्कवर जास्तही लागतील. करंट जायची वेळ टाळूनच बसा. हे झालं की एक फुल स्कॅन रात्री लावून झोपा.

आता पेनड्राइव्ह. एक्स्प्लोररच्या व्ह्यू टॅबमध्ये 'हिडन आयटम्स' आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' या दोन्हींवर टिक करा. तेवढ्याने बिननावाचा फोल्डर दिसणार नाही. ऑप्शन्समध्ये जाऊन 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' ची टिक काढावी लागते. त्यातून फक्त आपले कागद, फोटो आणि पीडीएफ उचला. ईएक्सई, व्हीबीएस, जेएस असं शेपूट असलेलं काहीही घेऊ नका. शॉर्टकटचं शेपूट मात्र विंडोज कधीच दाखवत नाही, म्हणून डीटेल्स व्ह्यू लावून 'टाइप' चा रकाना वाचा. तिथे 'शॉर्टकट' लिहिलेलं असलं की ते सोडून द्या. मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि सिस्टिम फाइल्सची टिक परत लावा, नाहीतर घरातलं कोणीतरी विंडोजचीच फाइल कचरा समजून पुसेल.

शहापूरकर

वरचं सगळं बरोबर. पण मुख्य दुखणं विंडोज 10 आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा सपोर्ट संपला. डिफेंडरला व्हायरसच्या ओळखीचे अपडेट ऑक्टोबर 2028 पर्यंत मिळत राहतील, पण विंडोजमध्ये सापडणारी भोकं त्याने बुजत नाहीत. कितीही महागाचा अँटीव्हायरस आणलात तरी तो ती बुजवू शकत नाही.

यावर उपाय म्हणजे ईएसयू, म्हणजे वाढीव सुरक्षा अपडेट, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. विंडोज 22एच2 आवृत्तीची हवी आणि मायक्रोसॉफ्ट खातं हवं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर 'एन्रोल नाऊ' दिसतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू केला की पैसे पडत नाहीत. तो नको असेल तर 30 डॉलर किंवा तेवढे रुपये. विंडोज 11 तुमच्या मशीनवर रीतसर जाणार नाही, त्याला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते. बाजारात कोणी 'जुगाड करून घालून देतो' म्हणालं तर नको म्हणा. त्या मार्गाने बसवलेल्या विंडोज 11 ला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

तुमच्या तीन नावांबद्दल. कॅस्परस्की पकडायला चांगला, पण राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन अमेरिकेने 2024 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, तेवढं माहीत असू दे. अवास्टला त्याच वर्षी अमेरिकेच्या व्यापार आयोगाने वापरणाऱ्यांचा ब्राउझिंगचा डेटा विकल्याबद्दल 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. डेटा विकणारी त्यांची उपकंपनी 2020 मध्येच बंद झाली होती, तरी फुकट मालाची किंमत कशात वसूल होते हे त्यातून दिसतं. क्विक हील पुण्याची कंपनी, आपल्याकडे दुकानात सहज मिळते, आणि पेनड्राइव्ह लावल्या लावल्या तपासायची सोय त्यात आहे. डिफेंडरच्या फुल स्कॅनमध्ये पेनड्राइव्ह मुळात धरलेलाच नसतो. फाइल उघडताना तो तपासतो, पण पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन करायची सवय आपल्यालाच लावावी लागते.

ही सवय लागणार असेल तर माझ्या मते काहीच विकत घेऊ नका. घरात चार जण चार ठिकाणाहून काहीबाही डाउनलोड करत असतील, किंवा अडलं की दुकानदार घरी येऊन बघावा असं वाटत असेल, तर घ्या, पण सगळ्यात साधा, एका पीसीचा. 'टोटल सिक्युरिटी' नावाच्या मोठ्या पॅकमधले व्हीपीएन आणि ट्यूनअप 4 जीबी रॅमवर नुसतं ओझं. वाचलेल्या पैशात 256 जीबीची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घाला. पीसी रडतो तो अँटीव्हायरसमुळे कमी आणि त्या फिरत्या डिस्कमुळे जास्त.

जांबोटीरोड

खानापूरच्या आत नेट दोन-दोन दिवस नसतं. तिथे डिफेंडरचे अपडेट कसे घालायचे?

टिळकवाडी

मायक्रोसॉफ्टच्या साइटवर 'सिक्युरिटी इंटेलिजन्स अपडेट्स' चं पान आहे. तिथून 64 बिटची फाइल नेट असेल तिथे उतरवून घ्या आणि घरी डबल क्लिक करा. फाइल 100 एमबीच्या वर असते. जुनी साठवून ठेवू नका, दर वेळी ताजी घ्या.

वडगावकर

ऑफलाइन स्कॅन झाला. प्रोटेक्शन हिस्ट्रीत तीन नोंदी आहेत, तिन्हींपुढे 'रिमूव्हड'. पेनड्राइव्हमधले कागदही मिळाले, फार उपकार झाले. ईएसयूचं एन्रोलही झालं. विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) प्रोटेक्शनमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' दिसलं, ते चालू केलं. आता मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर डॉक्युमेंट्समध्ये फाइल सेव्हच करत नाही. बंद करू का? आणि एकाने फॉन्टचं विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायचं क्रॅक दिलं आहे, त्यात 'आधी अँटीव्हायरस बंद करा' असं लिहिलं आहे.

शहापूरकर

बंद करू नका. ते मुद्दाम चालू करावं लागतं आणि तुम्ही केलंत ते उत्तम केलंत. अनोळखी प्रोग्रॅमला ते तुमच्या कागदांना हात लावू देत नाही. त्याच पानावर 'अलाऊ ॲन ॲप' आहे, तिथे 'रिसेंटली ब्लॉक्ड' मध्ये तुमच्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं नाव दिसेल. तेवढ्यालाच परवानगी द्या.

क्रॅक मात्र डिलीट करा, उघडूसुद्धा नका. अँटीव्हायरस बंद करा असं सांगणाऱ्या फाइलला आत काय करायचं आहे ते त्या वाक्यातच आलं. मराठी-कन्नड दोन्हीचे युनिकोड कीबोर्ड विंडोजमध्येच फुकट आहेत. टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज, 'ॲड अ लँग्वेज'. स्पेसबारसोबत विंडोजचं बटण दाबलं की भाषा बदलते.

टिळकवाडी

एक राहिलं. शॉर्टकट चालला तेव्हापासून बँकेचे पासवर्ड याच पीसीवर टाकले असतील, तर ते मोबाइलवरून बदला, ईमेलचा सगळ्यात आधी. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला लगेच फोन करा. तासाभरात कळवलं तर रक्कम अडवता यायची शक्यता जास्त.

वडगावकर

मोबाइलवरून आत्ताच बदलतो. नोट्सचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला आहे. ती मागे लावूनच ठेवली तर चालेल?

टिळकवाडी

नाही. रॅन्समवेअर आलं तर लावलेली डिस्कही त्यातच जाते. रविवारी लावा, कॉपी करा, 'इजेक्ट' करून वायर काढा आणि डिस्क कपाटात ठेवा.