बोक्याची साखर अचानक ११८, इंजेक्शन द्यायचं का? (आणि सासूबाईंच्या सिरींज चालतील का?)

शुभदा_बिबवेवाडी

मंडळी, घाईत आहे म्हणून सरळ विचारते. आमचा दामू, बोका, नसबंदी झालेला, वय अकरा, वजन सहा किलोच्या वर. मध्यंतरी पाणी ढसाढसा प्यायला लागला, ट्रेमधली माती दिवसातून दोनदा बदलायची वेळ आली आणि भरपूर खाऊनही पाठीचा कणा हाताला लागू लागला. दवाखान्यात साखर ४२०, लघवीतही साखर. डॉक्टरांनी ग्लार्जिन इन्सुलिन दिलंय, बारा-बारा तासांनी १ युनिट.

टोचून घ्यायला त्याची ना नाही. बरगडीवरची कातडी चिमटीत धरून सुई घातली तरी वाटीतून तोंड वर काढत नाही. कानातून रक्त काढायचं म्हटलं की मात्र महाभारत.

तर आज सकाळी साखर ३१० होती आणि आत्ता संध्याकाळच्या इंजेक्शनआधी ११८ आली. आनंद मानायचा की घाबरायचं? नेहमीचं १ युनिट देऊ का? डॉक्टरांचा फोन लागत नाहीये. आणि दुसरं, नारिंगी टोपणाच्या सिरींज संपत आल्यात. सासूबाईंना इन्सुलिन चालू आहे, त्यांच्या लाल टोपणाच्या सिरींज डबाभर पडून आहेत. "घे गं, तो नि मी एकाच पथ्याचे," म्हणाल्या. चालतील ना?

हो, सांगायचं राहिलं, सोमवारपासून कोरडे दाणे पूर्ण बंद केलेत. उकडलेलं चिकन आणि पाऊच देतेय.

मन्याचा_बाबा (कोथरूड)

ताई, आत्ता टोचू नका. बाकीचं मागाहून वाचा.

खायला न देता अर्ध्या तासाने परत तपासा. आम्हाला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हात बसेपर्यंत इंजेक्शनआधी २००च्या खाली आकडा आला तर आपल्या मनाने डोस द्यायचा नाही. अर्ध्या तासाने साखर चढून २००च्या वर गेली तर गोष्ट वेगळी. खालीच राहिली तर खायला घाला, आजचा डोस सोडा आणि डॉक्टर भेटेपर्यंत फोन लावत राहा. एक डोस हुकल्याने साखर वाढेल, एवढंच. जास्त झाला तर रात्री फिट येईल.

लाल टोपण तर अजिबात नको! लाल ४०ची, नारिंगी १००ची. सासूबाईंच्या बाटलीवर बघा, एका मिलीत ४० युनिट लिहिलेलं असेल. ग्लार्जिन एका मिलीत १०० युनिट असतं. लाल सिरींजमध्ये १च्या रेघेपर्यंत ग्लार्जिन भरलंत तर बोक्याच्या अंगात अडीच युनिट जाईल. रेघा दिसतात तशाच, पण माप वेगळं. केमिस्टकडे ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली मागा. गल्लीतल्या दुकानात नसली तर मागवून देतात. पुढे डोस अर्ध्या युनिटने कमी-जास्त होतो, तेव्हा हीच लागेल.

कानाचं म्हणाल तर कोमट पाण्यात पिळलेला रुमाल मिनिटभर कानाला धरा. कडेच्या शिरेजवळ व्हॅसलीनचं बोट फिरवा, म्हणजे रक्त केसांत पसरत नाही, टपोरा थेंब उभा राहतो. मागून कापसाचा बोळा, पुढून सुई. झालं की लगेच चिकनचा तुकडा. आमचा मन्या आता ग्लुकोमीटरचा आवाज ऐकून स्वतःच ओट्यापाशी येतो, लबाड.

आयुर्वेदप्रेमी

मेथीचं पाणी आणि कारल्याचा रस देऊन बघा. आमच्या काकांची साखर आटोक्यात आली.

शिरवळी_डॉक्टर

काकांना शुभेच्छा. मांजराला यातलं काहीही पाजू नका.

शुभदाताई, मी पशुवैद्य आहे, पण दामूला मी पाहिलेलं नाही, डोस ठरवणार तुमचेच डॉक्टर. ११८चं कारण तुम्ही जाता जाता लिहिलंयत: कोरडे दाणे बंद. त्या दाण्यांत पिष्ट बरंच असतं आणि मांजर मुळात मांसावर जगणारा प्राणी. पिष्ट काढलं की साखर झपाट्याने उतरते आणि कालपर्यंत बरोबर असलेलं १ युनिट आज जास्त होऊ शकतं. आहार बदललात ते चांगलंच. सुरुवातीपासून साखर नीट राखली तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंही. फक्त हे डॉक्टरांना सांगून, रोज मोजत करायचं असतं. आणि नुसतं चिकन कायमचं नको, त्यातून टॉरिन, म्हणजे मांजराला लागणारं एक पोषकद्रव्य, पुरेसं मिळत नाही. पाऊचवर 'संपूर्ण आहार' असं लिहिलेलं बघून घ्या.

दवाखान्यातल्या ४२०ने फार हबकू नका. रिक्षा, पिंजरा, शेजारी भुंकणारा कुत्रा, एवढ्यानेही मांजराची साखर ३००च्या पुढे जाते. म्हणून फ्रुक्टोसामिन नावाची रक्ततपासणी करतात, त्यात मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी कळते. माणसांचा ग्लुकोमीटर मांजरात थोडं कमी दाखवतो. चालेल, पण यंत्र सारखं बदलू नका. एकेका आकड्यावर डोसही हलवायचा नाही. घरी दर दोन तासांनी बारा तास मोजा आणि सगळ्यात खाली किती गेली ते डॉक्टरांना दाखवा.

आज रात्री लक्ष ठेवा. झोकांड्या, थरथर, सोफ्याखाली दडून बसणं किंवा ६०च्या खाली आकडा दिसला तर मध किंवा ग्लुकोजची दाट पेस्ट हिरड्यांवर चोळा, तोंडात ओतू नका. शुद्धीत असेल तर लगेच खायला द्या आणि दवाखाना गाठा. उलट खाणं सोडलं, उलट्या झाल्या तर कीटोनची (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून रक्तात साठणारं आम्ल) शंका, तीही रात्र काढायची गोष्ट नाही.

शुभदा_बिबवेवाडी

अर्ध्या तासाने १२६. टोचलं नाही. खाऊन पंख्याखाली पसरलाय, दोन तासांनी १७१. डॉक्टर साडेनऊला भेटले. उद्यापासून अर्धा युनिट, तेही आकडा कळवून. नारिंगी सिरींज मन्याच्या बाबांनी सांगितली तशीच मागवलीय. सासूबाईंना लाल-नारिंगी समजावून सांगितलं, तर त्यांनी डबा उचलून स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केला.

एकच विचारायचंय. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जाते, कधी चार-चार तास. इन्सुलिन फ्रिजमध्ये खराब होईल का?

मन्याचा_बाबा (कोथरूड)

चार तासांनी काही होत नाही. वापरात असलेलं ग्लार्जिन ३० अंशांच्या खाली २८ दिवस बाहेरही टिकतं. फ्रिजचं दार उघडू नका आणि घाबरून फ्रीझरमध्ये ठेवू नका, गोठलं की फेकून द्यायचं.