मदत हवी आहे : बाबांचं अपंगत्व पेन्शन, दुसऱ्या डॉक्टरचं मत चालते का?

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले. बाबा तोफखान्यात 17 वर्षं होते. आता मागून ट्रॅक्टर आला तरी त्यांना ऐकू येत नाही, पऱ्हाटीत आईच हात धरून बाजूला ओढते. रिलीज मेडिकल बोर्डानं (सेवेतून सोडताना तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळानं) अपंगत्व 20 टक्के धरलं, पण शेरा मारला, ‘सेवेशी संबंध नाही’. कारण एका ओळीचंही नाही! भरतीच्या वेळच्या कागदावर कान ठीक असल्याची नोंद आहे. 2013 च्या धरमवीर सिंग निकालात सुप्रीम कोर्टानं अशा नोंदीचा फायदा सैनिकाला दिला, असं वाचलं.

अपिलाला नागपूरच्या कानतज्ज्ञाचा ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) जोडावा का? डॉक्टरकडून नेमकं काय लिहून घ्यायचं? निव्वळ ‘कमी ऐकू येते’ एवढ्यानं भागत नसावं. कोणी हे केलं असल्यास सांगा.