नुसती मालिका पुरली नव्हती

'स्ट्रेंजर थिंग्ज या नेटफ्लिक्स मालिकेत वाजलं आणि ब्रिटिश गायिका केट बुशचं रनिंग अप दॅट हिल हे ३७ वर्षं जुनं गाणं २०२२ मध्ये आपोआप नंबर वनला गेलं' असं बरेच जण म्हणतात. मालिकेचं श्रेय आहेच, पण 'आपोआप' पटत नाही. ब्रिटिश चार्टमध्ये, म्हणजे तिथल्या गाण्यांच्या साप्ताहिक क्रमवारीत, १०० पेड स्ट्रीम (पैसे भरून घेतलेल्या ॲपवर गाणं ऐकलं जाणं) म्हणजे एक विक्री धरतात. मात्र तीन वर्षांपेक्षा जुन्या गाण्याला २०० लागतात, म्हणजे म्हाताऱ्या गाण्यांचे मार्क थेट निम्मे! त्यामुळे जून २०२२ मध्ये 'रनिंग अप दॅट हिल' एका आठवड्यात सगळ्यांत जास्त ऐकलं जात असूनही दुसऱ्या नंबरावर अडकलं. मग चार्टवाल्यांनी या गाण्यापुरती ती अट उठवली, आणि पुढच्याच आठवड्यात गायक हॅरी स्टाइल्सच्या गाण्याला खाली ढकलून ते वर गेलं. केटचा आधीचा नंबर वन १९७८ चा, म्हणजे मधे ४४ वर्षं!

आणि १९८५ मध्ये, गाणं आलं तेव्हा, ते पडलं होतं असाही सूर दिसतो, तोही चुकीचा. ब्रिटनमध्ये तेव्हा ते तिसरं होतं, आणि ते ज्यात होतं तो अल्बम तर मॅडोनाच्या अल्बमला हटवून पहिला. पडलं म्हणायचंच तर अमेरिकेत म्हणा, तिथे तिसाव्यापुढे सरकलं नाही. माझ्याकडे त्या अल्बमची सेकंडहँड कॅसेट आहे. ए साइडला पहिलंच हे गाणं, आणि सुरुवातीचे ढोल पाण्याखालून आल्यासारखे येतात, इतकी ती टेप घासलीय. बी साइड मात्र कोरी करकरीत. आधीच्या मालकाने ती उलटलीच नसावी. बुडणाऱ्या बाईची सलग गोष्ट आहे त्या बाजूला, खरा माल तिथेच आहे.